दारावरचं लुगडं

मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास आमच्या बाथरूममधला तांब्याचा आवाज थांबला... मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. हे पहिल्या शिफ्टला बारामती एमआयडीसीत गेलेले, घरात मी आणि आई दोघीच.

आवाज थांबला हे मला लगेच कळलं, याचं कारण सांगायला जरा मागे जावं लागेल.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. धरणाच्या पाण्यावरून जो वारा यायचा ना, तो थेट हाडात शिरायचा. घर पत्र्याचं, आणि भिंत नि पत्रा यांच्यात हात जाईल एवढी फट. दिवाळी झाली की आई जुन्या लुगड्यांच्या चिंध्या त्या फटीत कोंबायची. मला आणि भावाला मिळून एकच स्वेटर होता. त्याची शाळा सकाळची, माझी दुपारची... म्हणजे थंडीत स्वेटर त्याच्या वाट्याला आणि भर उन्हात माझ्या!

न्हाणी घरामागे. एक शहाबादी फरशी, तीन बाजूंनी उसाच्या पाचटाचा आडोसा, चौथ्या बाजूला नुसती दोरी. आत कोणी असलं की दोरीवर लुगडं टाकायचं, आणि अंघोळ करताना तांब्या बादलीवर वाजवत राहायचा. आवाज बंद झाला की आई चुलीपासून ओरडायची, "काय गं, गारठलीस का?" अंगाला आणि कपड्यांना साबण एकच. टाचा वजरीने घासून घासून लाल व्हायच्या, पण आईच्या हातून मळकट पोरगं कधी शाळेत गेलं नाही.

आता आई सत्तरीला आलीय, हिवाळ्यापुरती माझ्याकडे असते. बाथरूमला टाइल्स आहेत, गॅस गीझर आहे, दाराला चांगली कडी आहे. पण बाई अजूनही अंघोळ करताना तांब्या वाजवते, आणि कडी लावेल तर शपथ! नेसायचं लुगडं दारावर टाकायची. त्या जाड घडीमुळे दार नीट बसायचंच नाही, वर चार बोटं फट राहायची. मी आत खास हुक लावून दिला, तो तसाच रिकामा.

रविवारी ह्यांचे कंपनीतले मित्र आले होते. त्यातले एक हात धुवायला गेले आणि त्यांनी दार ढकललं... आतून आई कडाडली, "मानूस हाय आत! लुगडं दिसत न्हाय व्हय?" ते बिचारे चहासुद्धा न घेता निघाले. मी आईला नको नको ते बोलले. माझं तोंड फटकळ आहे, मला माहीत आहे. "परत दारावर लुगडं दिसलं तर बघ," असंही म्हणाले.

सोमवारी तिनं गुपचूप कडी लावून अंघोळ केली. मला वाईट वाटलं, पण जिंकल्यासारखंही वाटलं. खोटं कशाला बोलू...

संध्याकाळी गारठा वाढला. बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांतून वारा येतो, आईला बाधेल, म्हणून मी जुन्या साडीचे तुकडे करून प्रत्येक फटीत घट्ट कोंबले. अगदी आई कोंबायची तसे. मनात म्हटलं, लहानपणी तिनं आपल्याला ऊब दिली, आता आपली पाळी.

आणि मंगळवारी तांब्या थांबला.

मी हाक मारली. उत्तर नाही. गीझरचा घरघर आवाज मात्र चालू होता, आणि तेवढ्यात ते चिंध्यांनी बंद केलेलं खिडकीचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर आलं... लाटणं हातात तसंच धरून मी धावले. मनात एकच, देवा, हिनं कडी लावलेली नसू दे. काल मीच तर लावायला लावली होती.

पॅसेजमध्ये वळले आणि दारावर हिरवं लुगडं दिसलं.

दार ढकललं तर उघडलं. आई पाटावर बसल्या बसल्या भिंतीला टेकली होती, मान कलंडलेली. मी गीझर बंद केला, तिच्या काखेत हात घालून ओढत बाहेर हॉलमध्ये आणलं, तेच लुगडं तिच्या अंगावर टाकलं आणि सगळी दारं उघडली. समोरचे तात्या माझी किंकाळी ऐकून आले, त्यांनीच गाडी काढली. दवाखान्यापर्यंतची ती दहा मिनिटं मी तिचे थंडगार पाय चोळत होते आणि "आई, बोल की गं" एवढंच म्हणत होते.

ऑक्सिजन लावल्यावर तासाभराने तिनं नीट डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, बंद बाथरूममध्ये गीझरच्या गॅसचा विषारी धूर साठला होता. दार पूर्ण बंद असतं, तर आपण हे बोलत बसलो नसतो.

मला रडू आवरेना. विचारलं, "काल लावलीस ना कडी? मग आज का नाही लावली?"

"काल लावली तुज्यासाठी," ती हळूच म्हणाली. "पर आतनं कोंडल्यागत झालं. आज म्हनलं, पोरगी रागावली तर रागावू दी."

चिंध्या मीच काढल्या. गीझर बाहेरच्या भिंतीवर हलवलाय. तुमच्याकडेही आत असेल तर आजच बघा, थंडी वाजली तर वाजू दे पण खिडकी बुजवू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सवयी मोडायला निघाला असाल, तर आधी त्या का लागल्या हे विचारा. मी विचारलं नव्हतं.

आज सकाळी मी अंघोळीला गेले. कडी लावली नाही, साडी दारावर टाकली आणि तांब्या बादलीवर वाजवला, दोनदा.

बाहेरून आईचा आवाज आला, "व्हय गं... हितंच हाय मी."