तंबूची चाचणी

तंबूची चेन अडकली होती, आत माझी धाकटी जाऊ होती, आणि बाहेरून तंबूच्या एका कोपऱ्याने पेट घेतला होता.

“बाई, उन्ह वाढलं काय वं?” ती आतून विचारत होती.

“उन्ह नाही, आग हाय! बाहीर ये!”

“कशी येऊ? चेनमंदी पदर फसला!”

ही वेळ आमच्यावर आली ती माझ्या नातीमुळे. ती अमरावतीला शिकते आणि सुटी आली की डोंगर चढते. या वेळी तिच्या ग्रुपचा बेत मेळघाटातला होता. गाडी जाते तिथपर्यंत गाडीने, पुढे पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चालायचं, वर डोंगरात तंबूत एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशी उतरायचं. मी म्हटलं, मीही येते. ती हसली. मी हसले नाही.

माझं वय सत्तरीच्या पुढे आहे. घराबाहेर आजवर मी रात्र काढली ती नातेवाइकाकडे नाहीतर दवाखान्यात. नातेवाइकाकडे पोळ्या लाटाव्या लागतात, दवाखान्यात सुया टोचतात. मला एक रात्र अशी पाहिजे होती की सकाळी उठून कोणासाठी काही करायचं नाही. बाकी डोंगराचं मला काही कौतुक नाही. डोंगर म्हणजे शेती न होणारी जागा.

नातीने दोन अटी घातल्या. एक, तंबूत दोघी लागतात, म्हणून जोडीदारीण मी शोधायची. दोन, दोघींनी आपापलं ओझं उचलून आणि तंबू लावून दाखवायचा. ती रविवारी दुपारी येऊन बघणार आणि जमलं तरच ग्रुपला आमची नावं देणार. ग्रुपचा एक तंबू आणि जंगलाच्या नियमांचा कागद ती ठेवून गेली.

शेलूबाजारच्या बाजारात मी पाच-सहा जणींना विचारलं. एकीने तर माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. उरली जाऊ. तिला माझ्याशिवाय कुठे गेलेलं चालत नाही आणि माझ्याबरोबर गेलेलं आवडत नाही.

“तिथं संडास हाय काय?” तिने विचारलं.

“जंगल हाय अख्खं.”

“म्हंजे डबा घेऊन जा लागते?”

“अर्धी जिंदगी डबा घेऊन बांधावर गेली ना तू? आता लोक हौसेनं जातात.”

तिला ते पटलं.

कागद मी वाचला. मी चौथी शिकलेली आहे आणि जाऊ शाळेत गेलेली नाही, त्यामुळे आमच्यात मीच विद्वान. मी मोठ्याने वाचलं, “जंगलातील लाकूडफाटा गोळा करू नये.”

“मंग सयपाक कशावर?” जाऊ म्हणाली.

आम्ही दोघींनी विचार केला. लाकूड त्यांचं आहे, त्याला हात लावायचा नाही. मग गोवऱ्या आपल्या न्याव्यात. डोंगरावर रात्र काढायची आणि रोडगे खायचे नाहीत, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. घराबाहेर जेवायचं म्हणजे आमच्याकडे हेच. एका पाठपिशवीत गोवऱ्या भरल्या, दुसरीत कणीक, वांगी, खलबत्ता आणि जाऊची उशी. सोयाबीन तोलायच्या काट्यावर टांगलं तर गोवऱ्यांची पिशवी हलकी भरली. ती जाऊने पटकन घेतली. ती दिसते तेवढी भोळी नाही.

रविवारी आसेगावच्या वाटेवरच्या आमच्या शेतात, खळ्यावर तंबू लावला. तो उभा राहिला, थोडा वाकडा, पण उभा. मग आम्ही चूक केली. घराच्या दारासमोर चूल असते तशी तंबूच्या दारासमोर गोवऱ्यांचा आर केला. वारा तंबूकडे होता. जाऊ चेन लावून आत झोपून पाहत होती आणि रोडगे झाल्याशिवाय उठणार नाही म्हणत होती. एक ठिणगी उडाली. ते कापड नुसतं पेटत नाही, वितळत जातं. घाण वास सुटला.

मी विळा घेतला आणि तंबू मागच्या बाजूने फाडला. वासरू जन्माला येतं तशी जाऊ बाहेर आली. आधी दोन हात, मग डोकं, मग अडकली. मी ओढलं.

तेवढ्यात नातीची स्कुटी आली. तिने पाण्याची अख्खी कॅन आगीवर ओतली. मग तिने कागद उलटा करून माझ्यासमोर धरला. मागच्या बाजूला पहिलीच ओळ होती, विस्तव पेटवू नये.

“आजी, मागचं वाचलं नाही तू?”

“मांगं बी लिवलं राहते हे मले काय माहीत?”

“मी तुमची नावं देत नाही. घरीच राहा.”

मी विळा खाली ठेवला. चूक माझी होती आणि माझी रात्र गेली होती. पण जाऊ पुढे झाली. तिचा पदर अर्धा तंबूतच राहिला होता आणि तोंड काळं झालं होतं.

“कायले देत नाही? तंबू लावला का नाही? वझं उचललं का नाही? तू म्हनली तेवढं केलं. रोडगे आमचे जास्तीचे व्हते.”

“लहान आजी, तू जळून मेली असती!”

“मेली काय? आता तं मी जातोच. हिच्या हातून वाचलो, वाघ काय करते मले?”

नात जळक्या तंबूभोवती एकदा फिरली. मग खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. हसून झाल्यावर तिने आमच्या दोघींच्या कमरेच्या पिशव्या तपासल्या आणि काडेपेट्या काढून घेतल्या. माझ्याकडे एक होती, जाऊकडे तीन. आम्हाला जंगलात दशम्या आणि चटणी खावी लागणार, असं तिने बजावलं आणि फोनवर ग्रुपला दोघींची नावं कळवली आणि दुसरा तंबू मागितला.

त्या दुपारी खळ्यावर आम्ही तिघी होतो. तिघीही जिवंत आहोत, आणि वाघ अजून बाकी आहे.