मागखात्यातली बोली

जॉर्जियातल्या टॅलोना गावात गिरणीचा भोंगा झाला की कुत्रीसुद्धा उठायची. घरं गिरणीची, चर्च गिरणीचं, बेसबॉलचा संघही गिरणीचाच. व्हर्डी स्टॉलिंग्ज चौदाव्या वर्षी शेतावरून तिथे आली आणि पहिल्याच दिवशी मागखात्यात रडली. शेकडो मागांच्या खडखडाटात तिला स्वतःचं रडणंही ऐकू येईना.

शेजारच्या मागावर लोरीन टिडवेल होती. सुट्टी झाल्यावर ती म्हणाली, "कान घरी ठेवून यायचे, पोरी. इथे डोळ्यांनी ऐकायचं."

मग तिनंच सगळं शिकवलं. ओठ सावकाश हलवायचे, समोरचीच्या तोंडाकडे पाहायचं. खाजगी काही असलं तर तोंडावर हात धरायचा, नाहीतर खात्याच्या दुसऱ्या टोकाची बाईसुद्धा हसायला लागायची. आणि कुणाचं ऐकायचंच नसेल तर मान फिरवायची.

"ते मात्र जपून गं," लोरीन म्हणाली. "मान फिरवली की ते माणूस आपल्याला मेलंच."

पुढे व्हर्डीचा नवरा छातीत कापूस साठून खोकून खोकून गेला, तेव्हा लोरीनच तिच्या घरी येऊन राहिली होती. नंतर लोरीनची बदली कापड तपासायच्या खोलीत झाली. मागखात्याच्या टोकाला मॅनेजरची काचेची केबिन होती, तिला लागून ती खोली. दार लावलं की तिथे टाचणी पडली तरी ऐकू यायची.

"आता काय, तू मोठी बाई झालीस," व्हर्डी चिडवायची.

"झालेच आहे. तू आधी केसांतला कापूस झटक."

महायुद्ध संपलं आणि गिरणीनं प्रत्येकीच्या माथी आणखी माग मारले. बायका थकून उभ्या उभ्या डुलक्या घ्यायला लागल्या. युनियन काढायची म्हणून गुरुवारी संध्याकाळी व्हर्डीच्या स्वयंपाकघरात जमायचं ठरलं. वर कळलं तर नोकरी जाणार होती आणि नोकरीबरोबर घरही. खात्याबाहेरच्या एकाच माणसाला व्हर्डीनं ते सांगितलं.

"येईन की," लोरीन म्हणाली. "मक्याचा ब्रेड मी आणते. तुझा दगडासारखा होतो."

बुधवारी तुटलेला धागा जोडून व्हर्डीनं मान वर केली. काचेपलीकडे लोरीन मॅनेजरशी बोलत होती. "उद्या संध्याकाळी, व्हर्डीच्या स्वयंपाकघरात. माझं नाव येऊ देऊ नका. आणि आमच्या पोराला, डेलला मुकादमाची जागा नक्की ना?"

तिनं तोंडावर हात धरला नव्हता. शांत खोलीत राहून ती सवयच गेली होती. दार लावलं की झालं, असं तिला वाटत असावं.

आपले डोळे फसले असतील, असं व्हर्डीला क्षणभर वाटून गेलं. पण ज्या ओठांवरून ती ही बोली शिकली, तेच ते ओठ होते.

तिनं समोरच्या क्लिओकडे पाहिलं. "उद्या कुणी येऊ नका. वर कळलंय."

"कुणी सांगितलं?"

"ते विचारू नकोस," व्हर्डी म्हणाली. निरोप ओठाओठांवरून खातंभर गेला.

गुरुवारी लोरीन तेवढी आली, गरम ब्रेड घेऊन.

"बाकीच्या कुठे आहेत?"

"रद्द केलं."

"आधी सांगायचं नाही का गं? एवढं भाजून आणलं."

"ठेव तिथे."

ही आपणहून काही बोलेल म्हणून व्हर्डी तिच्या ओठांकडे पाहत राहिली. लोरीन हवापाण्याचं बोलली, डेलच्या नव्या बुटांचं बोलली आणि गेली. ब्रेडला व्हर्डीनं हात लावला नाही.

शुक्रवारी मॅनेजरनं बोलावून सांगितलं, आजची पाळी शेवटची, सोमवारी घर रिकामं करायचं. बाकीच्यांची नावं त्यानं विचारली. "माझं कळलंय तेवढंच पुरे आहे," व्हर्डी म्हणाली आणि मागावर परत आली.

थोड्याच वेळात लोरीन धावत मागखात्यात शिरली. "व्हर्डी, मला आत्ताच कळलं. मी बोलते साहेबांशी."

एवढं व्हर्डीनं वाचलं आणि मान फिरवली.

लोरीन दुसऱ्या बाजूला आली. व्हर्डी कापडाकडे पाहू लागली. समोर क्लिओनं एकदा व्हर्डीकडे पाहिलं, एकदा लोरीनकडे, आणि हळूच तिनंही मान फिरवली. मग तिच्या पलीकडचीनं.

लोरीन ओरडत असावी. मागांच्या खडखडाटात व्हर्डीला काहीच ऐकू आलं नाही.