चेंडू त्याच्या बाजूला गेलाच नाही

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस माझा धाकटा भाऊ अबुधाबीच्या एका शाळेत बारावीत होता आणि अमेरिकन फुटबॉल खेळायचा. तेलकंपन्यांत नोकरीला असलेल्या अमेरिकन वडिलांनी आपापल्या मुलांसाठी संघ उभे केले होते. त्यांत हा एकटा मराठी आणि सर्वांत बुटका. उंची पाच फूट सहा इंच. आमच्या घरात तो सर्वांत उंच होता, पण हे मैदानावर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

तो कॉर्नर होता. समोरच्या संघातला एक गडी लांबचा चेंडू झेलायला पळत सुटतो. कॉर्नरने त्याच्याकडे तोंड करून उलटं पळायचं, त्याला सोडायचं नाही आणि झेल होऊ द्यायचा नाही. उलटं पळण्याचा सराव भाऊ घरातल्या पॅसेजमध्ये करी. आई वरणाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून निघाली की तो मागे न बघता भिंतीला लागे आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू होई. पायांत मोजे असत, त्यामुळे आवाज होत नसे. दुपारच्या झोपेत मला पुष्कळदा वाटे की कुणीतरी घरातून निघून चाललं आहे, पण तोंड आमच्याकडेच ठेवून.

अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला होता. संघात घ्यायचं की नाही, हे ठरायचं होतं. तिथल्या प्रशिक्षकांनी सामन्याची टेप मागवली होती. त्याला दुसरं काही नकोच होतं.

“उंचीचं कळवलंस का त्यांना?” वडिलांनी विचारलं.

“दे विल सी इट, बाबा.”

“दिसेलच. लपवणार कुठे?”

टेपचं काम व्हिडिओवाल्या काकांकडे गेलं. अबुधाबीतल्या मराठी घरांतली बारशी, मुंजी, साखरपुडे आणि मंडळाचा गणपती त्यांच्याच कॅमेऱ्यात असे. शुक्रवारच्या सामन्याला ते तिवई घेऊन आले, सामना पूर्ण टिपला आणि संध्याकाळी कॅसेट घेऊन घरी आले. आम्ही सगळे बसून बघू लागलो. चेंडू पडद्याच्या मधोमध होता आणि सामना संपेपर्यंत तिथेच राहिला. भाऊ कुठेच नव्हता. एकदा कोपऱ्यात त्याचा बूट दिसला.

“अहो, आमचा मुलगा कुठंय?” आई म्हणाली.

“चेंडू त्याच्या बाजूला गेलाच नाही, वहिनी. मी काय करणार? आणि चेंडू दिसला नाही तर सामना कसला?”

भावाचा कोच तेलकंपनीत इंजिनियर होता. त्याने ती टेप शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाला, या मुलाबद्दलची ही सगळ्यात चांगली टेप आहे. त्याच्या बाजूला चेंडू टाकून उपयोग नाही हे समोरच्यांना पहिल्या काही मिनिटांतच कळलं, म्हणून त्यांनी टाकलाच नाही. पण ज्याने याला पाहिलेलं नाही त्याला हे समजणार नाही. दुसरी टेप काढा.

आता काकांना समजावणं आलं. ते आईने केलं.

“भाऊजी, याला नवरदेव समजा.”

“म्हणजे?”

“पंगतीत भांडण पेटलं तरी तुमचा कॅमेरा नवरदेवावरून हलतो का? तसंच.”

“खलास,” काका म्हणाले. “आधी नाही का सांगायचं!”

पुढच्या शुक्रवारी सकाळी धुकं होतं. अबुधाबीच्या हिवाळ्यात ते समुद्रावरून येतं आणि इमारती खालून वर पुसत जातं. शाळेशेजारच्या मशिदीच्या मिनाराचं टोक तेवढं वर उरलं होतं. मैदानाची दुसरी बाजू नव्हतीच. पंच थांबले, मग धुकं थोडं विरळ झालं आणि सामना सुरू झाला. काठावरून फक्त शिट्ट्या आणि पावलं ऐकू येत होती. काकांनी कॅमेरा भावावर लावला आणि हलवला नाही.

ती टेप मी नंतर पुष्कळदा पाहिली. पांढऱ्या पोकळीत एक ठेंगणा मुलगा उलटा पळत येतो. समोर कुणीतरी उंच, धूसर. दोघं एकदम वळतात, थांबतात, पुन्हा पळतात, जणू मधे दोरी बांधलेली आहे. चेंडू नाही, गुण नाहीत, बाकीचे वीस जण नाहीत. मग लांबून शिट्टी वाजते आणि तो चालत आपल्या जागी परत जातो.

काकांनी सवयीने पडद्याभोवती गुलाबांची चौकट घातली होती आणि खाली सनई लावली होती.

“काका, नो! रोझेस?”

“अरे, चेहऱ्याला उठाव येतो.”

गुलाब गेले, सनई गेली. एका ठिकाणचं स्लो मोशन तेवढं राहून गेलं. त्यात भाऊ जमिनीला न टेकता मागे जात असल्यासारखा दिसतो.

दोन्ही टेपा अमेरिकेला गेल्या. वडिलांच्या ऑफिसात कॉलेजचा फॅक्स आला, तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला. शिष्यवृत्ती नाही, जागेची हमी नाही. उन्हाळ्याच्या शेवटी या, मैदानात बघू.

“पॅड घालून तो पाण्याचे ग्लास देणार,” वडील म्हणाले. पण तिकीट त्यांनीच काढलं.

पहिली दोन वर्षं तो मैदानाच्या कडेला उभा राहिला. तिसऱ्या वर्षी कॉलेजकडून मिळालेली सामन्याची टेप त्याने घरी पाठवली. काकांनी ती आपल्याकडच्या मशीनवर चालेल अशी करून आणली आणि जेवायला थांबले. शुक्रवारची दुपार होती. बाहेरच्या उन्हामुळे पडदे ओढलेले होते.

भाऊ मैदानावर होता आणि चेंडू सारखा त्याच्याकडेच येत होता. बुटका कॉर्नर दिसला की तिथे असंच होतं, हे त्याने फोनवर सांगितलं होतं. पहिल्याच चेंडूला समोरचा गडी त्याच्या डोक्यावरून झेपावला, वरच्या वर झेल घेतला आणि पळून गेला. भाऊ गवतावर हात टेकून बसलेला दिसला. वडिलांनी चष्मा काढला.

थोड्या वेळाने तोच गडी, तसाच चेंडू. या वेळी भावाने उडी मारलीच नाही. गड्याने झेल वर घेतला, पण घेतलेला चेंडू छातीशी आणावा लागतोच. तो तिथे पोचण्याआधी भावाचा हात मधे गेला. चेंडू सुटला, दोघं आडवे झाले.

“हबीबी!” काका ओरडले. “बघा, कॅमेरा चेंडूवर आहे, आणि पोरगा मधोमध!”

“लागलं का त्याला?” आई म्हणाली.

लागलं नव्हतं. तो आधी उठला आणि त्या उंच गड्याला हात दिला. मग तोंड मैदानाकडे ठेवून मागे मागे जात आपल्या जागी गेला.

“मागे घे जरा,” वडील चष्मा लावत काकांना म्हणाले. “उडी मारली नाही, तिथपासून.”