गाडी नसलेला उस्ताद

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण हे सांगायला मला एकदा फार उशीर झाला होता.

दादरला एका छापखान्यात मी जाड चष्मा लावून मुद्रितं तपासतो. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांतल्या जाहिराती, जे येईल ते. काही वर्षांपूर्वी एका मोटारीच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर तपासायला आलं. भाषांतरकाराने क्लचला असं काही भारदस्त नाव ठेवलं होतं की वाचूनच घसा कोरडा पडला. गाडीवाले लोक या वस्तूला खरोखर काय म्हणतात ते बघावं म्हणून फोनवर शोधायला गेलो आणि मराठी मोटारवेड्यांच्या एका फोरमवर जाऊन पडलो. तिथे क्लचला क्लचच म्हणत होते. माझं काम पाच मिनिटांत झालं, पण मी काही तिथून उठलो नाही.

काय माणसं होती ती! एकाने गाडीचा दरवाजा बंद होताना कसा आवाज येतो यावर दीड पान लिहिलं होतं आणि खाली बाकीचे आपापल्या दरवाजांचे आवाज सांगत होते. एक गृहस्थ प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरून किती किलोमीटर झाले ते नेमाने लिहायचे, आणि कोणी विचारलेलं नसताना लिहायचे. इथेनॉलच्या पेट्रोलवरून तर भावकीच्या बांधावर होत नाहीत अशी भांडणं चालत. इलेक्ट्रिक गाडीवाले एका बाजूला, डिझेलवाले दुसऱ्या. कोकणात जाताना कुठल्या हॉटेलात जेवलं तर जेवण होईपर्यंत गाडी चार्ज होते, याच्या याद्या. नव्या गाडीचे फोटो तर यायचेच, बोनेटवर हार, चाकाखाली लिंबू. पण जुनी गाडी विकताना लिहिलेली निरोपाची पत्रंही यायची, आणि ती वाचून मोठमोठी माणसं हळवी व्हायची. मला या सगळ्याचं विलक्षण कुतूहल वाटायला लागलं. एका यंत्रापायी माणूस इतका कसा गुंतू शकतो?

गंमत अशी, की याचं उत्तर ज्याच्याकडे असेल असा माणूस माझ्याच घरात होता. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, पेपर वाचत बसलेला.

माझ्या बाबांनी एकतीस वर्षं वाळकेश्वरच्या एका शेठांची गाडी चालवली. त्याआधी ते गिरणीत होते. ती बंद पडल्यावर त्यांचे तिथले दोस्त वॉचमन झाले, भाजी विकायला बसले. बाबा गाडी शिकले आणि ड्रायव्हर झाले. घरी ते गाडीबद्दल चकार शब्द काढत नसत. शेठांकडे काय चालतं हेही कधी सांगितलं नाही. शेठ पाहुण्यांना म्हणाले की आम्ही दहाला निघालो, तर दहाला निघालो. मग भले सव्वाअकरा वाजले असोत. ड्रायव्हरने मान डोलवायची. ही त्यांच्या नोकरीची रीत होती आणि ती त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नव्हती. लायसन्ससुद्धा सोडलं नव्हतं. दारात गाडी नाही, पण मुदत संपत आली की डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन नूतनीकरण करून यायचे.

एकदा फोरमवर कोणीतरी विचारलं, चढावर गाडी मागे येते, काय करू? उत्तरादाखल वीस जणांनी वीस सल्ले दिले होते. मी जेवताना सहज बाबांना विचारलं. त्यांनी भाताचा घास तसाच ठेवून हाताने दाखवलं, हँडब्रेक ओढलेला, पाय अर्ध्या क्लचवर, आणि आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "गाडी नाक वर करता. ता दिसला, की मगे ब्रेक सोडूचो. आधी नाय."

मी ते शुद्ध मराठीत नीट लिहून टाकलं. ‘मी असं करतो’ असं लिहिलं. का लिहिलं? ‘माझे बाबा असं करायला सांगतात’ लिहिलं असतं तर दोन शब्द जास्त झाले असते, एवढंच कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा खाली पंधरा जणांनी आभार मानले होते. छापखान्यात माझे आभार कोणी मानत नाही. तिथे माझं नाव फक्त चूक राहिली तरच निघतं.

मग मला चटकच लागली. रोज संध्याकाळी एक प्रश्न घेऊन घरी जायचं. बाबांनाही मजा यायला लागली असावी, कारण सहा वाजल्यापासून ते जिन्याकडे कान देऊन असायचे. "आज कोणाचा काय अडलाहा?" असं स्वतःहून विचारायचे. गाडी एकदम कशी थांबते, मागच्याची मान कशी हलते, यावर तर ते तास तास बोलत. शेठाणी म्हणे मागच्या सीटवर बसून नातवंडांचे स्वेटर विणायच्या. ब्रेक चुकला की त्यांचा टाका सुटायचा. ओरडायच्या नाहीत, फक्त "अरे" म्हणायच्या. त्या एका ‘अरे’ने बाबांना ब्रेक शिकवला. "गाडी थांबाच्या आधी चिमूटभर ब्रेक सोडूचो. मिठासारखो. मगे झटको बसणा नाय."

शेठाणींना वगळून मी तेही माझ्या नावावर लिहिलं. दोन वर्षांत फोरमवर मला सगळे उस्ताद म्हणायला लागले. गाडी कोणती, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, गाडी महत्त्वाची नसते. यावर आणखी वीस जण माना डोलवायचे. इतकं सोपं होतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या दीडेक महिना आधी एका सभासदाने लिहिलं, बायकोला गाडी लागते. घाटात तर फारच. पाच वर्षं गणपतीला ती गावी आलेली नाही, मी एकटाच जातो. यंदा गाडी बदलतोच, न लागणारी गाडी कोणती ते सांगा. झालं, लोक तुटून पडले. उंच गाडी घ्या, बसकी घ्या, सस्पेन्शन कडक हवं, मऊ हवं. मी बाबांना विचारलं.

"गाडी कोणाक लागणा नाय," बाबा म्हणाले. "डायवर लागता."

हे मी लिहिलं आणि फोरम दोन दिवस दणाणलं. तो सभासद मात्र रागावला नाही. त्याने मला वेगळा निरोप पाठवला. उस्ताद, नवी गाडी घेण्याएवढे पैसे नाहीतच, तुम्ही म्हणता ते खरं असेल तर माझं मोठं काम होईल. एक रविवार द्या. तुम्ही चालवा, बायको मागे बसेल, मी बाजूला बसून बघतो.

नाही म्हणायला हवं होतं. पाठ धरली आहे, गावाला जातोय, काहीही चाललं असतं. पण त्या बाईने पाच गणपती गमावले होते आणि तिचा सहावा माझ्या उत्तरावर अडला होता. शिवाय, खोटं कशाला बोलू, उस्ताद म्हणून एकदा कोणाच्या तरी समोर उभं राहावंसंही वाटत होतं. मी होकार कळवला आणि बाबांना म्हटलं, "रविवारी जरा चौपाटीला येता का? माझ्या ओळखीच्या एकांना गाडीचं विचारायचंय." फोरमवर मी काय लिहितो हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत नसावं अशी माझी समजूत होती.

रविवारी सकाळी आम्ही बसने गिरगाव चौपाटीला गेलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, जो ते कामाला जाताना घालत. ते जोडपं गाडीला टेकून उभं होतं. पस्तिशीचा माणूस, बँकेत असावा तसा. ती हातात लिंबू घेऊन. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "उस्ताद! तुमचं सगळं सगळं वाचलंय मी." बाबांना त्याने वाकून नमस्कार केला, "नमस्कार काका," आणि चावी माझ्यापुढे धरली.

मी म्हणालो, "आज बाबा चालवतील. माझा पाय जरा..." आणि पाय बघितला, जणू त्यालाच विचारत होतो.

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. चावी घेतली, सीट पुढे ओढली, आरसा लावला. आरशात मागची बाई दिसत होती, तो थोडा वर केला, म्हणजे फक्त रस्ता दिसेल. मी तिच्या शेजारी मागे बसलो. तो बाबांच्या बाजूला.

चौपाटीवरून तीनबत्तीकडे चढ, तिथून वर हँगिंग गार्डन, मग वळणं घेत केम्प्स कॉर्नरला उतरायचं. शेठांच्या घराकडच्या या रस्त्याने बाबांनी किती वेळा गाडी नेली असेल देव जाणे. निवृत्तीनंतर मी त्यांना चालवताना पहिल्यांदाच बघत होतो. निवृत्तीनंतर कशाला, आयुष्यात पहिल्यांदा. शेठांच्या गाडीत आम्ही घरचे कधी बसलो नव्हतो. वळण यायच्या बरंच आधी गाडी हळू व्हायची, आणि वळणात उलट थोडी ओढ घ्यायची. गिअर बदलला ते कानाला कळायचं, अंगाला नाही. वाटेत एक टॅक्सी आडवी आली, बाबा थांबले, आणि मी वाट बघत राहिलो त्या झटक्याची. तो आलाच नाही. मला एकदम भरून आलं. दोन वर्षं मी हे शब्दांत लिहीत होतो आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

शेजारच्या बाईने लिंबू मांडीवर ठेवलं होतं. केम्प्स कॉर्नर जवळ आल्यावर मी पाहिलं, ती फोनवर काहीतरी वाचत होती. तिचं तिच्याच लक्षात आलं आणि ती जोरात म्हणाली, "अहो, मी वाचतेय!"

नवरा गर्रकन मागे वळला. मग बाबांकडे बघून म्हणाला, "कमाल आहे काका! तुम्हालाही यांनीच शिकवलं का?"

गाडी सिग्नलला थांबत होती. बाबांनी चिमूटभर ब्रेक सोडला, गाडी उभी राहिली. मग म्हणाले, "होय. बरा शिकवता तो."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. शेठ दहा म्हणाले की दहा, तसा. म्हणजे त्यांना सगळं कळलेलं होतं, कधीपासून कोण जाणे. मला इतकी लाज वाटली की कान तापले. या माणसाने एकतीस वर्षं दुसऱ्यांची गाडी चालवली आणि शेवटी मीही त्यांच्या मागे बसलेला शेठच निघालो.

"नाही," मी म्हणालो. "मला गाडी येत नाही."

सिग्नल सुटला. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ते चढावरचं लिहिलेलं?" नवऱ्याने विचारलं.

"बाबांचं."

"आणि ब्रेकचं?"

"तेही."

"मग त्यात तुमचं काय होतं?" हे बाईने विचारलं, आणि टोमणा म्हणून नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"शुद्धलेखन," मी म्हणालो.

ती हसली. नवरा नाही हसला. तो खिडकीबाहेर बघत राहिला, त्याचं फसवणूक झालेल्या माणसाचं तोंड मला मागूनही दिसत होतं. चौपाटीला आल्यावर मात्र त्याने बाबांना विचारलं, "काका, मला जमेल? महिना आहे हातात." बाबा म्हणाले, "रोज सकाळी अर्धो तास ये. तिका मागे बसव. तिची मान बघ, रस्तो आपोआप दिसतलो." माझा निरोप त्याने घेतला नाही.

बसस्टॉपवर बाबा बस येते का ते बघत होते. मी म्हटलं, "चुकलंच माझं."

"माका खोटो पाडलंस लोकांसमोर," ते म्हणाले. "मी सांभाळून घेतलेलंय ना? मगे गप रवाचा."

"कसा गप राहणार? तुमचं होतं ते सगळं."

त्यांनी हात झटकला. "घेतलंस तर घेतलंस. माका काय कोण पेपरात छापणार होतो?" मग गाड्यांकडे बघत म्हणाले, "सगळ्या जगाचा विचारलंस माका. कोणाची गाडी खय अडता, कोणाचो क्लच खय जळता. तुका स्वतःक शिकाचा आसा, ह्या एक नाय कधी विचारलंस."

"विचारलं असतं तर शिकवलं असतं?"

"नाय." उत्तर लगेच आलं. "गाडी येता म्हटला की कोण तरी हातात चावी देता, आणि जलमभर आरशात मागच्याक बघू नको म्हणता. तुका ता नको होता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण विचारूक व्हया होता."

मी चाळिशी ओलांडलेला माणूस, भर रविवारी, बसस्टॉपवर चार अनोळखी लोकांच्या देखत म्हणालो, "बाबा, मला गाडी शिकवाल?"

"नाय," बाबा म्हणाले.

लांबून आमची बस येताना दिसली. त्यांनी खिशातून सुट्टे काढले, मोजले, मुठीत धरले.

"पयलो चष्म्याचो नंबर तपासून घे," ते म्हणाले, आणि बसला हात दाखवला.