मामांनी केलेली ‘नाही’ची चौकशी

‘नाही’ या गोष्टीची जितक्या आस्थेनं चौकशी माझ्या बायकोच्या मामांनी केली, तितकी आजवर कुणीच केली नसेल. बोरी अरबला त्यांची कपाशी-तुरीची शेती, शिक्षण सातवीपर्यंत; पण ‘काही नाही’ म्हणून त्यांच्या तावडीतून सुटणं अवघड. एकदा छातीत दुखतं म्हणून मी त्यांना दारव्ह्याला एका डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि यात काही नाही म्हणाले. मामांनी चष्मा पुसला, पुढं वाकले आणि ते ‘काही नाही’ नेमकं कुठं आहे, तेवढं दाखवा म्हणाले. बाहेर पेशंटांची रांग. डॉक्टरांनी हताश होऊन एका काळ्या जागेवर बोट ठेवलं. मामांनी ती नीट निरखली आणि समाधानानं शर्टाची बटणं लावली. परतीच्या जीपमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी ड्रायव्हरनं आणखी चौघं कोंबले. मामा माझ्या कानाशी म्हणाले, “जावईबापू, या माणसाले इचारलं पाहिजे. जागा नाही, अन् त्यातून हा जागा काढते कशी?”

घरी त्यांची गाठ मामींशी होती. जन्माच्या आधी आपण कुठं असतो, हा प्रश्न मामांना एकदा ऐन जेवणाच्या वेळी पडला.

“तू जन्मली नव्हती, तवा कुठं होती?”

“आर्णीले,” मामी म्हणाल्या. आर्णी त्यांचं माहेर.

“अन् मेल्यावर?”

“तवा पाहू. भाकर थंडी होऊन राह्यली.”

दोन वर्षांपूर्वी मामी आठ दिवसांच्या तापानं गेल्या. तेराव्याला एक वयस्कर नातेवाईक आत्म्याविषयी तासभर बोलले. मामा आता त्यांना पकडणार म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. मामांनी त्यांना फक्त वरण आणखी हवं का, एवढंच विचारलं. पुढं फोनवरही पावसापाण्याचं दोन वाक्यांत सांगून ते ठेवून देत. त्यांचे प्रश्न थांबले, याची आम्हाला भीती वाटायला लागली.

मागच्या वेचणीच्या दिवसांत आम्ही दोघं गेलो. ओसरीवर कापसाच्या ढिगाला टेकून मामा बसले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग खाली मान घालून ते बायकोला म्हणाले, “पोरी, फोटो हाये, तिची लुगडी हायेत. पण आवाज कुठंच सापडत नाही. लय आठवून पाह्यलं. कशी हाक मारे वं तुही मामी मले?”

बायकोनं लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या याच घरात काढलेल्या. मामींची नक्कल करून ती तेव्हा मामींनाच हसवायची. ती आधी नको म्हणाली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून, शेवटचं अक्षर लांबवत, हाक आली, “अवोऽ, आयकता काय जीऽ?”

“आलो,” मामा म्हणाले, आणि उठून उभेसुद्धा राहिले.

मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडं बघून ते ओशाळं हसले. धोतराला चिकटलेला कापूस एकेक करून काढत राहिले. बायको आतून लवकर बाहेर आली नाही. मी मामांना बसा म्हणालो नाही. आणि त्यांनाही, मला वाटतं, इतक्यात बसायचं नव्हतं.