वास येऊन राहिला का?

आंधळगावहून भंडाऱ्याला कॉलेजला जाताना एक काका बसमध्ये माझ्या शेजारी बसतात. आतड्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पोटावर एक छिद्र राहिले आहे. त्यातून आतले पाणी झिरपते, कातडी जळते, म्हणून तिथे पिशवी चिकटवलेली असते. डॉक्टर म्हणतात, भरपूर खा, छिद्र आपोआप भरेल. नाही भरले तर काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन. काका मात्र ड्रेसिंगला जाताना उपाशीच निघतात. खाल्ले की गळते, असे त्यांना वाटते. उकडलेल्या अंड्यांचा डबा मांडीवर बंदच असतो. हात सारखा सदऱ्यावरून फिरतो आणि दर थांब्याला प्रश्न येतो, "बाबू, वास येऊन राहिला का?"

"नाही, काका."

काल मात्र खरेच वास आला. मी अडखळलो. हो म्हटले तर ते खाणेच सोडतील, अशी भीती वाटली, पण खोटे बोलवेना.

"हो काका. थोडासा."

त्यांनी पिशवीची कड दाबून बसवली आणि ते हसले.

"मले वाटे, तू माह्यं मन राखून राहिला. म्हणजे आतापर्यंतचं 'नाई' खरंच होतं ना बे!"

आणि त्यांनी डबा उघडला.