बूट दारात, पाहुणी गायब

गोठ्यातलं शेण आणि पाहुण्यांचे किस्से रोजच्या रोज उचलले नाहीत तर ढीग होतो, असं आमचे तात्या म्हणतात. शेणाचं ते बघतात. किस्से मात्र माझ्याकडे साठत गेलेत, आणि त्यातला सगळ्यात ताजा परवाच्या शुक्रवारचा.

त्या दिवशी पहिली खटकलेली गोष्ट अगदी बारकी होती. सकाळी साडेनऊला मी स्कूटी लावली आणि तीन नंबरच्या खोलीबाहेर हान्नाबाईंचे बूट दिसले. नीट जोडीने ठेवलेले, मोजे आत कोंबलेले. दार सताड उघडं. आत कोणी नाही. अंगणात नाही, गोठ्यात नाही, पेरूच्या बागेत नाही.

पाहुणी गेली आणि बूट राहिले! साठी उलटलेली नेदरलँडची बाई अनवाणी कुठे जाईल?

मी घाबरले. तसं मला घाबरायला फार काही लागत नाही. मागे एकदा वासराने हात चाटला तेव्हा मी अशी किंचाळले होते की ते वासरू चार दिवस माझ्याकडे फिरकलं नाही.

मी हान्नाबाईंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना.

आता हे एवढं गंभीर का, ते सांगते. निरवांगीच्या अलीकडे तात्यांची शेती आहे. रस्त्याकडेचा ऊस काढून त्यांनी तिथे सहा खोल्या बांधल्या आणि कृषी पर्यटनाचा बोर्ड लावला. मी तिथली मॅनेजर, म्हणजे इंग्रजी बोलणारी. पुण्यातली एक पर्यटन कंपनी हिवाळाभर परदेशी पाहुण्यांचे गट पाठवायला तयार होती. पण आधी जागा पारखायला त्यांनी दोन दिवसांसाठी हान्नाबाईंना धाडलं होतं. त्यांचं मत चांगलं पडलं तर गट येणार, नाहीतर ऊस येणार! तात्यांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं, "ह्या वर्साला जमलं तर जमलं. न्हायतर खोल्या पाडून परत लागण करायची."

आणि अकरा वाजता हान्नाबाईंना न्यायला पुण्याहून गाडी येणार होती.

* * *

मला ही नोकरी कशी लागली तो एक किस्साच आहे. बारामतीला कॉलेजात असताना माझा प्रोजेक्ट होता, 'एखादा देश परदेशी पर्यटकांना का आवडतो?' चाळीस पानं, दहा मुद्दे. विमानतळ, व्हिसा, सुरक्षितता, स्वच्छता, ऐतिहासिक वारसा वगैरे. मुलाखतीला मी तो स्पायरल बाइंडिंग करून घेऊन गेले आणि तात्यांना दहाच्या दहा मुद्दे वाचून दाखवले.

तात्यांनी सगळं ऐकलं. मान डोलावली. मग म्हणाले, "झ्याक लिवलंय. पर ह्यात चा कुटं हाय?"

"चहा?"

"आलेल्या मानसाला पैला चा लागतो, मॅडम. व्हिसा त्यो घरनं आनतो."

मी घाईघाईने पेनने अकरावा मुद्दा लिहिला. नोकरी लागली!

* * *

आमचे पहिले परदेशी पाहुणे एक फ्रेंच नवरा-बायको. उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो बघायला आले होते, गळ्यात हातभर लांब कॅमेरे. आणि फ्लेमिंगो अजून उतरलेच नव्हते! मी सकाळपासून त्यांची पाच वेळा माफी मागितली. सहाव्यांदा मागायला गेले तर दोघं जागेवर नाहीत. (तेव्हाही घाबरलेच.)

सापडले कुठे? नदीवर. तात्या म्हशी धूत होते आणि हे दोघं गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो काढत होते. दुपारपर्यंत हललेच नाहीत. शेवटी फ्रेंच बाईंच्या हातात नारळाची शेंडी आली आणि त्या स्वतःच म्हैस घासायला लागल्या.

जाताना त्यांनी अभिप्रायाच्या वहीत दोनच वाक्यं लिहिली. मी तात्यांना मराठीत सांगितली: "पक्षी नव्हते. म्हशी उत्तम."

तात्यांनी ते पान फाडून फ्रेम केलं आणि गोठ्यात लावलं. म्हणाले, "ज्येची तारीफ त्येच्याजवळ पायजे."

* * *

मग एक अमेरिकन कुटुंब आलं. परदेशी पाहुणे म्हणून तात्यांनी जीव ओतला. बारामतीच्या हॉटेलातून पनीर बटर मसाला, बटर नान, फ्राइड राइस, सगळं पार्सल. काटे-चमचेही नवे. तात्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या आक्का, तोंड वाकडं करून चुलीवर आपल्या घरच्यांसाठी भाकरी थापत बसल्या होत्या.

भाकरीचा वास सुटला. पाहुणे उठून चुलीपाशी गेले आणि तिथेच फतकल मारून बसले. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची आमटी! त्यांच्यातला लहान मुलगा ठेच्याने रडत होता आणि रडत रडत आणखी मागत होता. इकडे तात्यांची दोन्ही नातवंडं टेबलावर बसून काट्या-चमच्याने पनीर हाणत होती.

रात्री थोरला नातू ढेकर देऊन म्हणाला, "आबा, असलं पावनं रोज बोलवत जा!"

* * *

जपानहून आलेले एक आजोबा होते. फार शांत. त्यांना उसाला पाणी कसं देतात ते बघायचं होतं. त्यांनी मला विचारलं, "पाटाला पाणी कधी येतं?"

मी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "येतंय की."

मी भाषांतर केलं, लवकरच. आजोबांनी वही उघडली. "किती वाजता?"

तात्यांनी आकाशाकडे बघितलं, पाटाकडे बघितलं आणि म्हणाले, "येतंय, येतंय."

आजोबा दोन दिवस बांधावर घड्याळ घेऊन बसले. तात्यांनी त्यांच्या डोक्यावर छत्री बांधली, आक्का दर तासाला चहा पाठवत राहिल्या. पाणी काही आलं नाही. आजोबांनी वाकून निरोप घेतला आणि गेले. पाणी आलं तिसऱ्या दिवशी! तात्यांना इतकं वाईट वाटलं की माझ्या मागे लागले, "त्यास्नी कळव. मानूस वाट बघून गेलाय." मी ईमेल केला: पाणी आलं.

दोन मिनिटांत जपानहून उत्तर. "हार्दिक अभिनंदन. किती वाजता?"

* * *

माझ्यावरचाही एक सांगून टाकते, नाहीतर तात्या सांगतीलच. प्रोजेक्टमधला मुद्दा क्रमांक तीन, सुरक्षितता, माझा फार लाडका. मी एक तक्ता करून लॅमिनेट केला होता. साप दिसला तर काय करायचं, पाहुण्याचं पोट बिघडलं तर काय, वीज गेली तर काय. पंचवीस संकटं! पाहुणा हरवला तर काय, ते सतराव्या नंबरला.

तात्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "समदं हाय. पर एक ऱ्हायलं."

"काय?"

"पावना घाबरला तर काय करायचं ते हाय. तू घाबरलीस तर आमी काय करायचं?"

* * *

आणि आता हान्नाबाई. पुण्याच्या कंपनीने आधीच बजावलं होतं: पाहुण्यांना खासगी प्रश्न विचारायचे नाहीत. मी आक्कांना तीनदा समजावलं. त्या तीनदा "व्हय व्हय" म्हणाल्या.

हान्नाबाई गाडीतून उतरल्या, आक्कांनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिला प्रश्न, "मालक काय करत्यात?"

मी डोळे मिटून घेतले. पण हान्नाबाईंना शब्द कळला नाही तरी सूर कळला असावा. त्यांनी पर्समधून नवऱ्याचा फोटो काढला. टक्कल पडलेले गृहस्थ, सायकलवर. आक्कांनी फोटो न्याहाळला, बोटाने आकाशाकडे खूण करून मान हलवत विचारलं, म्हणजे... आहेत ना?

हान्नाबाई हसल्या. हाताने पॅडल मारून दाखवलं.

"जित्तं हायत! सायकल चालिवत्यात!" आक्का आनंदाने ओरडल्या. "मंग बाई अशी मोकळ्या हातानं का?" आणि आपल्या डब्यातल्या हिरव्या बांगड्या काढून त्यांनी हान्नाबाईंच्या दोन्ही हातांत चढवल्या, कपाळाला कुंकू लावलं. कंपनीच्या सगळ्या सूचना अर्ध्या तासात बाद!

त्या गडबडीतच पलीकडच्या वस्तीवरच्या सुमनवहिनी आल्या होत्या. शुक्रवारी त्यांच्याकडे देवीच्या नवसाच्या पाच सवाष्णी जेवायला घालायच्या होत्या, त्याचं आमंत्रण द्यायला. आक्का म्हणाल्या, "न्हाय गं जमायचं. पावनी हाय घरात."

"आवं, पर पाचवी कुटनं आनू? समद्या पोरी पुन्याला!" असं कुरकुरत, हान्नाबाईंना खालून वर न्याहाळत त्या निघून गेल्या. मला त्यांचं ते बघणंही खटकलं नव्हतं. मी कंपनीला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते.

* * *

तर शुक्रवार. साडेदहा वाजले. माझे चौदा कॉल झाले, चौदाही वेळा नुसती रिंग. तात्या मोटरसायकल घेऊन नदीकडे गेले होते. मी विहिरीत डोकावून आले. आधी डोळे मिटून, मग एक उघडून. विहिरीत फक्त मोटारीचा पाइप होता. तक्त्यातला सतरा नंबर वाचला, तर तिथे मीच लिहिलं होतं, 'मॅनेजरशी संपर्क साधावा.'

एवढ्यात आक्का दारातून ओरडल्या, "प्राजू, माज्या चपला कुनी नेल्या गं?"

बूट दारात, आणि आक्कांच्या चपला गायब! म्हणजे हान्नाबाई चालत गेल्यात, आपल्या पायांनी गेल्यात. पण कुठे?

पावणेअकराला तात्या हात हलवत परत आले. नदीवर कोणी नाही, शाळेपाशी नाही. ते ओसरीवर बसले आणि त्या सहा खोल्यांकडे एकेक करून बघत राहिले. ते बघणं मला विहिरीपेक्षा भीतीचं वाटलं. आमच्याकडे सहा महिन्यांत म्हशीचं कौतुक झालं, पाण्याचं अभिनंदन झालं, आणि आता पारखायला आलेली बाईच हरवली. तेवढ्यात फाटकात पुण्याची पांढरी गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरने काच खाली केली. "मॅडम, गेस्ट रेडी आहेत का?"

मी म्हणाले, "पाच मिनिटं," आणि पंधराव्यांदा फोन लावला.

रिंग. रिंग. रिंग. मग खटकन आवाज. मागे बायकांचा गलका, भांड्यांचा खणखणाट, आणि एक ओळखीचा, वैतागलेला आवाज.

"कोन हाय गं? कवापास्नं नुसता कोकलतोय फोन!"

"सुमनवहिनी? अहो, मी प्राजू! आमच्या पाहुण्या..."

"हितं हायत की! पाटावर बसल्यात, पान वाढलंय. भरल्या पानावरनं सवाष्णीला उटवायचं नसतं, तुला म्हाईत न्हाय व्हय? दुसरी पुरनपोळी चाललीया. त्या गाडीवाल्यालाबी हिकडंच धाड जेवायला. आन आक्काला सांग, तिच्या जागंवर आमाला घावली!"